पाठ्यपुस्तकांत न मावलेले तेरा महिने

जून महिना लागला कीं ज्या घरांत शाळेंत जाणारीं मुलें आहेत तेथें नव्या पुस्तकांना आवरणें चढविण्याची घाई सुरू होते. आई नांव घालून देते, मोठी बहीण धाकट्याची वही आंखून देते, आणि आजोबा चष्मा लावून इतिहासाचें पुस्तक चाळावयास घेतात. गणित व विज्ञान यांत आपली गति आतां उरली नाहीं, हें बहुतेक आजोबांनीं मनांतल्या मनांत मान्य केलेलें असतें. परंतु इतिहास हा आपल्या हक्काचा विषय आहे अशी त्यांची समजूत असते. मग पांच-दहा पानें उलटतात न उलटतात तोंच कपाळाला आठी पडते. "हें असें नव्हतें हो!" हे उद्गार किती ओसऱ्यांवर निघत असतील कोण जाणे. गेल्या खेपेस आम्हीं मुलांच्या हस्ताक्षराविषयीं लिहिलें होतें. या खेपेस त्या आठीविषयीं लिहावयाचें आहे.

पाठ्यपुस्तकें राष्ट्राचा इतिहास विपरीत करून शिकवितात ही तक्रार आज सर्व बाजूंनीं ऐकूं येते, आणि गंमत अशी कीं परस्परांचें तोंड न पाहणारे पक्षही ती एकाच सुरांत करितात. २०१७ सालीं महाराष्ट्राच्या सातवीच्या पुस्तकांत मोगलांचा भाग आंखडून मराठ्यांचा वाढविण्यांत आला, तेव्हां कांहींना समाधान वाटलें व कांहींना संताप आला. २०२३ सालीं दिल्लीच्या राष्ट्रीय परिषदेनें बारावीच्या पुस्तकांतून मोगल दरबाराचें प्रकरण गाळलें, तेव्हांही तोच प्रकार. २०२५ सालीं त्याच परिषदेच्या आठवीच्या नव्या पुस्तकांत मराठ्यांना ऐसपैस जागा मिळाली, म्हणून आपण आनंदलों. तों तिकडे जैसलमेरच्या राजघराण्यानें हरकत घेतली कीं, नकाशांत आमचें संस्थान मराठी साम्राज्याच्या रंगांत कां रंगविलें? परिषदेला तपासासाठीं तज्ज्ञांची समिति नेमावी लागली. या वादांत आम्ही पडत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, शिवरायांचा इतिहास शिकवावयाचा आणि मोगलांना गाळावयाचें, हें लंका वगळून रामायण सांगण्यासारखें आहे. समुद्र कशासाठीं ओलांडला, हें मुलाला कळावें कसें?

आमच्या छत्तीस वर्षांच्या मास्तरकीचा अनुभव निराळेंच सांगतो. पाठ्यपुस्तकांत धडधडीत खोटें असें फार क्वचित् सांपडतें. तीं लिहिणारीं माणसें विद्वान् असतात, तपासणारीं त्यांहून विद्वान् असतात. इतिहास बिघडतो तो असत्यानें नव्हे, संक्षेपानें. शंभर पानांच्या ग्रंथाचें एक पान होतें, पानाचा परिच्छेद होतो, परिच्छेदाचें वाक्य होतें, आणि अखेर त्या वाक्याची रिकामी जागा होऊन "कंसांतील योग्य पर्याय निवडा" या सदराखालीं ती परीक्षेंत येते. प्रत्येक चाळणींतून कांहीं खालीं पडतें. काय पडतें हें पाहावें. ज्यांच्या वतीनें बोलणारें कोणी समितीच्या मेजाशीं बसलेलें नसतें त्यांचेंच बहुधा पडतें.

हा रोग आजचा नाहीं. इंग्रजी अमलाच्या आरंभीं मराठी मुलांना आपल्या पूर्वजांचा इतिहास कोणाकडून कळला? ग्रँट डफ नांवाच्या कप्तानाकडून. साताऱ्यास कंपनीचा अधिकारी म्हणून राहिलेल्या या गृहस्थानें १८२६ सालीं मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. थोड्याच वर्षांत कप्तान डेव्हिड केपन यानें त्याची मराठी बखर सिद्ध केली, आणि तीच पिढ्यान् पिढ्या शाळांतून चालली. ग्रँट डफ खोटें बोलणारा नव्हता. त्यानें कागदपत्रांसाठीं कष्ट फार केले. पण मराठ्यांचा उदय त्याला सह्याद्रीच्या रानांत अवचित पेटलेल्या वणव्यासारखा दिसला, आणि मुलांनीं तो वणवा पाठ केला. १८६७-६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणानें, तो अद्याप कॉलेजांत शिकत असतांना, या ग्रंथावर टीका लिहिली. राजवाड्यांचा साधनांचा पहिला खंड १८९८ सालचा, आणि वणव्याच्या उपमेला न्यायमूर्ति रानड्यांनीं सविस्तर उत्तर दिलें तें १९०० सालीं. म्हणजे शाळेंत शिरलेली एक उपमा काढावयास पाऊणशें वर्षें लागलीं.

ही दुरुस्ती झाली ती बरीचशी पुण्याच्या बाजूनें झाली. त्यांत पुण्याच्या मंडळींचा दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांनीं जें केलें त्यास तोड नाहीं. परंतु परिणाम असा झाला कीं, आमच्या मराठवाड्याचा इतिहास १७९५ सालीं खर्ड्याच्या रणांगणावर एकाएकीं संपतो. निजामाचा पराभव झाला, हें प्रत्येक मुलाला येतें. त्या पराभूत निजामाच्या राज्यांत हा सगळा मराठी मुलूख पुढें दीडशें वर्षें राहिला, तो कां राहिला, कसा राहिला, हें कोणी विचारीत नाहीं. पुण्याची पेशवाई १८१८ सालीं बुडते आणि पुस्तक इंग्रजांच्या मागोमाग मुंबईला जातें. आम्ही येथेंच राहतों.

आमचें साखरा गांव आज हिंगोली जिल्ह्यांत आहे. पैनगंगेच्या अलीकडचा हा मुलूख निजामाचा, पलीकडचें वऱ्हाड १८५३ सालच्या तहापासून इंग्रजांकडे. वऱ्हाड कां गेलें? तर ज्या फौजेच्या खर्चाची थकबाकी निजामाच्या अंगावर चढली म्हणून तें गेलें, तिच्याच एका तुकडीची छावणी हिंगोलीस होती आणि ती १९०३ पर्यंत टिकली. म्हणजे इंग्रजांचें राज्य पाहावयास येथील माणसाला मुंबईस जावें लागत नव्हतें. १८१९ च्या जानेवारींत नोव्ह्याच्या गढींत नोवसाजी नाईक व त्यांचे हटकर या फौजेच्या मेजर पिटमनशीं झुंजले. पेशवाई बुडून वर्षही झालें नव्हतें. "इंग्रजांविरुद्धचे प्रारंभींचे उठाव" या मथळ्याखालीं मुलें रामोश्यांचें, भिल्लांचें नांव लिहितात, आणि तें योग्यच आहे. नोवसाजीचें नांव मात्र हिंगोलीचींही मुलें लिहीत नाहींत, कारण तें त्यांना कोणी सांगितलेलें नसतें.

निजामी अमलांत शाळेची कथा आणखी वेगळी. राज्याची वस्ती १९४१ च्या शिरगणतींत १ कोटि ६३ लक्षांच्या आसपास. त्यांत तेलुगु सर्वांत अधिक, मराठी चौथ्या हिश्शाच्या वर, कानडी व उर्दू सुमारें आठवा-आठवा हिस्सा. शिक्षणाची भाषा मात्र उर्दू. प्राथमिक वर्ग मराठींतून संपले कीं मुलगा उर्दूच्या हवालीं होई. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानें सर्व उच्च शिक्षण उर्दूंतून दिलें, त्यासाठीं भाषांतराचें स्वतंत्र खातें उघडलें. मुंबई-कलकत्त्याचीं विद्यापीठें इंग्रजीला चिकटून असतां एका हिंदी भाषेंतून वैद्यक व गणित शिकविण्याचें धाडस येथें झालें, हें श्रेय नाकारूं नये. फक्त ती भाषा घरांत बोलणारा आठांतला एक होता. बाकीच्या सातांना इतिहास कळावयाचा तोही उसन्या शब्दांत, आणि दप्तराच्या तारखा आजूर, दै, बहमन अशा फसली महिन्यांच्या. आमचे वडील त्या शाळेंत शिकले. आसफजाही घराण्याची वंशावळ त्यांना म्हातारपणींही न अडखळतां येत असे. शिवरायांची गोष्ट मात्र त्यांना आजीनें चुलीपाशीं सांगितली होती. पुस्तक एक सांगे, चूल दुसरें सांगे, आणि मुलाच्या मनांत दोन्हीं शेजारीं शेजारीं राहत.

या दोहोंचा खटका १९३८ सालीं उडाला. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजांत व हैदराबादेस उस्मानियाच्या वसतिगृहांत विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळीं "वंदे मातरम्" म्हणूं लागले, मनाई झाली, त्यांनीं संप केला, शेंकडों मुलें काढून टाकण्यांत आलीं. नागपूर विद्यापीठानें त्यांतल्या बहुतांस आश्रय दिला. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या मुलांपैकीं एक. आणि ज्यांनीं पुढें सर्व लढ्याचें नेतृत्व केलें ते स्वामी रामानंद तीर्थ मूळचे कोण? हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत व नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरींत शिकविणारे मास्तर. आमच्या धंद्यांतला माणूस, म्हणून हें जरा मोठ्यानें सांगितलें तर वाचक क्षमा करतील.

आतां त्या तेरा महिन्यांकडे येऊं. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं भारत स्वतंत्र झाला, हें वाक्य पहिलीपासून दहावीपर्यंत प्रत्येक मुलगा लिहितो. तें खरें आहे. पण त्याच दिवशीं हैदराबाद संस्थानांत तिरंगा लावणें हा गुन्हा होता आणि स्वामीजींना त्याच दिवशीं अटक झाली. २९ नोव्हेंबरला भारत व निजाम यांच्यांत वर्षभराचा 'जैसे थे' करार झाला. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकारांचा धुमाकूळ माजला. सरहद्दीवरील करोडगिरीचे नाके जाळले जाऊं लागले. शिंदीच्या दारूचें उत्पन्न बुडावें म्हणून शिंदीचीं झाडें तोडण्याचा सत्याग्रह चालला. जानेवारी १९४८ मध्यें उमरीची बँक लढ्यासाठीं लुटण्यांत आली. वसमतकडील वापटीचे बहिर्जी शिंदे लढतां लढतां पडले. सरहद्दीलगतच्या गांवांतून लोक बैलगाड्या जुंपून पैनगंगेपलीकडे उमरखेडला, वाशीमकडे गेले. ऑगस्ट १९४८ मध्यें हैदराबादेस 'इमरोज'चे संपादक शोएबुल्लाखान यांचा रझाकारांविरुद्ध लिहिल्याबद्दल खून झाला. ते मुसलमान होते, हें मुलांना मुद्दाम सांगावें. १३ सप्टेंबरला भारताचें सैन्य आंत शिरलें, १७ ला निजामानें हार मानली. १५ ऑगस्टपासून मोजले तर ३९९ दिवस.

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वींची एक हकीकत सांगतों. एका शाळेंत सहामाहीच्या पेपरांत प्रश्न होता, "आपला देश स्वतंत्र केव्हां झाला?" एका मुलानें लिहिलें, "१५ ऑगस्ट १९४७. आमचें गांव १७ सप्टेंबर १९४८." परीक्षक गुरुजींनीं दुसऱ्या वाक्यावर तांबड्या शाईची रेघ मारून अर्धा गुण कापला. दुसऱ्या दिवशीं त्या मुलाची आजी डोक्यावरचा पदर सांवरीत शाळेच्या पायरीपाशीं येऊन उभी राहिली. आम्हीं विचारलें, "काय झालें मावशी?" ती म्हणाली, "गुरुजी, लेकरानं खोटं काय लिव्हलं? त्या पंधरा आगष्टाला आमच्या गावात कुणी झेंडा लावला असता तर पोलिसानं धरून नेलं असतं. पुढल्या उन्हाळ्यात तर आम्ही घरदार टाकून नदीच्या पल्याड गेलो होतो. मंग आम्ही कवा सुटलो म्हणावं?" आम्हीं त्या सहकाऱ्यांना विचारलें. ते सज्जन होते, म्हणाले, "वाक्य खरें आहे, पण आदर्श उत्तरांत नाहीं." तो अर्धा गुण मुलाला परत मिळाला नाहीं. बाईनें आणखी वाद घातला नाहीं. "बरं," एवढेंच म्हणून ती शेताकडे गेली.

हें 'आदर्श उत्तर' आमच्या मतें सर्व प्रकरणाचें मूळ आहे. राष्ट्राचा इतिहास एकच असला तरी तो सर्व गांवांना एकाच दिवशीं घडत नाहीं. गोमंतक १९६१ च्या डिसेंबरांत सुटला. पुदुच्चेरीचा कारभार भारताकडे १९५४ सालीं आला. मुंबईच्या मुलाचें १५ ऑगस्ट आणि साखऱ्याच्या मुलाचें १७ सप्टेंबर हीं परस्परांना खोडणारीं उत्तरें नव्हेत. पण ज्या पुस्तकाला एकाच ओळींत सर्व देश बसवावयाचा आहे त्याला दुसरी तारीख अडचणीची होते.

न्यायानें बोलावयाचें तर आज स्थिति पुष्कळ सुधारली आहे. आठवीच्या पुस्तकांत हैदराबाद मुक्तिसंग्राम येतो, मराठवाड्याच्या वाट्याचा स्वतंत्र उल्लेख येतो, स्वामीजी, गोविंदभाई श्रॉफ, अनंतराव भालेराव यांचीं नांवें येतात, हुतात्म्यांचीं येतात. येतात तीं स्वल्पविरामांनीं जोडलेलीं, एकापुढें एक, रेल्वेच्या डब्यांसारखीं. मुलें तीं पाठ करितात आणि चाचणी झाली कीं डबे सुटे होतात. तरीही नांव छापलें गेलें, ही लहान गोष्ट नव्हे. १७ सप्टेंबरला आमच्याकडे ठिकठिकाणीं सरकारी ध्वजवंदन होतें. २०२३ सालीं त्या दिवसाला पाऊणशें वर्षें झालीं तेव्हां समारंभही मोठा झाला.

पण शब्दांकडे पाहा. पुस्तकांत 'पोलीस कारवाई' असतें. कोणत्या पोलिसांनीं केली? पायदळ होतें, रणगाडे होते, विमानें होतीं. पहिल्याच दिवशीं नळदुर्ग हातीं आलें. हुशार मुलगा हें विचारतो आणि मास्तर घड्याळाकडे पाहतो. खरें कारण अगदीं समजण्याजोगें आहे. हैदराबादनें त्याच ऑगस्टांत आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढें नेली होती. 'युद्ध' म्हटलें असतें तर दोन स्वतंत्र राज्यांतला तंटा ठरला असता, म्हणून घरांतल्या बंदोबस्ताचा शब्द योजला गेला. एका शब्दांत केवढें राजकारण सांठविलेलें आहे! हें सांगावयास पांच मिनिटें पुरतात, आणि मुलाला इतिहास म्हणजे काय याची पहिली चव लागते.

तसेंच निजामाचें. मुलांच्या समजुतींत तो १७ सप्टेंबरच्या सायंकाळीं नाहींसा होतो, नाटकांतला खलपुरुष पडद्याआड जावा तसा. प्रत्यक्षांत मीर उस्मान अली खान २६ जानेवारी १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते, भारताच्या राज्यघटनेखालीं. मराठवाडा मुंबई राज्यांत आला तो दुसऱ्या दिवशीं, १ नोव्हेंबर १९५६ रोजीं. ज्यांनीं तुरुंग भोगला त्यांना हीं सहा वर्षें कशीं वाटलीं असतील, आणि दिल्लीनें हा सौदा कां पत्करला, यावर पुस्तक मौन धरतें. आमच्याकडील जुन्या कुळकर्णी-देशपांड्यांच्या घरांतून तर गुंता आणखी मोठा होता. दिवसा सरकारचें दप्तर सांभाळणारा माणूस रात्रीं माळवदावर स्वयंसेवकाला लपवी. कोणी लपवीत नसे, उलट खबर देई. बहुसंख्य लोक मान खालीं घालून पेरणी करीत. हे तिन्ही आपलेच आजोबा-पणजोबा. पुस्तकांत फक्त पहिल्याला जागा आहे.

आणि आतां जें लिहावयाचें तें कांहीं वाचकांना रुचणार नाहीं. सैन्य आल्यानंतरच्या आठवड्यांत संस्थानांतील मुसलमान वस्तीवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार प्रभृतींच्या मंडळानें १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत फिरून जो अहवाल सरकारला दिला त्यांत पोलीस कारवाईच्या वेळीं व नंतर मेलेल्यांची संख्या, हात राखून केलेल्या अंदाजानें, २७ ते ४० हजार धरली आहे. सर्वाधिक हानि झालेले चार जिल्हे म्हणून तत्कालीन उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आमच्या शेजारचें नांदेड हीं नांवें दिलीं आहेत. हा अहवाल सरकारनें छापला नाहीं. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयांत तो वाचकांना २०१३ च्या सुमारास पाहतां येऊं लागला. तोंवर पासष्ट वर्षें उलटून गेलीं होतीं.

रझाकारांनीं जें केलें तें आमच्या घरांतून आम्हीं ऐकलें आहे आणि त्यांतलें एक अक्षरही कमी करावयास आम्ही तयार नाहीं. पण तेंच सांगून थांबणें म्हणजे आपणही पाठ्यपुस्तक होणें. त्याच अहवालांत असेंही नमूद आहे कीं, कित्येक ठिकाणीं हिंदूंनीं आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना वांचविलें. हिंदु विणकर मुसलमान विणकरांच्या रक्षणासाठीं उभे राहिले आणि कांहींनीं त्यापायीं प्राण दिले. पहिली गोष्ट लपविली म्हणजे ही दुसरीही आपोआप लपते. त्या विणकरांचें नांव कोणत्याही शाळेच्या भिंतीवर नाहीं. चौदा वर्षांच्या मुलाला हें सांगावें कीं नाहीं, असें आम्हांस पुष्कळांनीं विचारलें आहे. सांगावें. शोएबुल्लाखान आणि हे विणकर एकाच बैठकींत सांगावे. दोन्ही नांवें जवळ आलीं कीं मुलाला फार समजावून द्यावें लागत नाहीं.

आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांतून एक सुरेख शिस्त होती. आपलें मत मांडण्यापूर्वीं प्रतिपक्षाचें मत, त्यानें स्वतः मांडलें असतें तितक्या जोरानें, मांडावयाचें. त्याला पूर्वपक्ष म्हणत. न्याय-मीमांसेच्या पोथ्यांत तर पूर्वपक्ष कधीं कधीं इतका भक्कम असतो कीं विद्यार्थी त्यालाच सिद्धान्त समजून फसतो. पाठ्यपुस्तकांत पूर्वपक्षच नसतो; एकदम सिद्धान्त, आणि त्याखालीं स्वाध्याय. मल्लिनाथ टीका लिहावयास बसे तेव्हां निराधार कांहीं लिहिणार नाहीं व अनावश्यक कांहीं सांगणार नाहीं अशी प्रतिज्ञा करी. आजच्या समितींना दुसरें कलम चांगलें साधलें आहे. इतकें कीं आवश्यकही त्यांत जातें.

परदेशांत हें निराळें नाहीं. जपानांत इयेनागा साबुरो या प्राध्यापकांच्या इतिहासाच्या पुस्तकांतील जपानी सैन्याच्या युद्धकाळांतील वर्तनाचीं वाक्यें शिक्षणखात्यानें बदलावयास लावलीं. त्यांनीं १९६५ सालीं सरकारवर पहिला दावा लावला, मागून आणखी दोन. शेवटचा निकाल १९९७ सालीं लागला. मांचुरियांत जिवंत माणसांवर प्रयोग करणाऱ्या जपानी पथकाचा उल्लेख काढावयास लावणें बेकायदा होतें, असें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें. बत्तीस वर्षें, कांहीं वाक्यांसाठीं! उलट फ्रान्स व जर्मनी यांनीं २००६ पासून दोन्ही देशांत चालणारें इतिहासाचें एकच पुस्तक काढलें. पिढ्यान् पिढ्या एकमेकांचीं गांवें जाळणाऱ्या दोन राष्ट्रांना जें जमलें तें पैनगंगेच्या दोन तीरांना जमूं नये असें नाहीं.

पण समिति बसेल, पुस्तक बदलेल, पुन्हां बदलेल. तोंवर घरीं काय करावें हें एकत्र कुटुंबांतील वडील माणसांनीं ठरवावयाचें आहे. मराठवाड्यांतील ज्या वाचकांच्या घरीं नव्वदीच्या आसपासचें कोणी असेल त्यांनीं हा पावसाळा वायां दवडूं नये. जे तेव्हां दहा वर्षांचे होते तेच आतां आपल्यांत उरले आहेत, आणि तेही बोटांवर मोजण्याइतके. नातवाला वही देऊन त्यांच्याजवळ बसवावें. "लढ्याविषयीं सांगा" असें विचारूं नये. त्याचें उत्तर भाषणासारखें येतें. करोडगिरीचा नाका कोठें होता, गाडींत काय काय घेतलें होतें, पलीकडे कोणाच्या घरीं उतरलां, परत आल्यावर घर कसें सांपडलें, हाली शिक्क्याचे रुपये केव्हां बंद झाले, गल्लींतलें कोणतें घर त्या सप्टेंबरनंतर रिकामें झालें, असें विचारावें. शेवटच्या प्रश्नाशीं आजोबा थोडे थांबले तर थांबूं द्यावें. मुलानें जें ऐकलें तें त्यांच्याच शब्दांत उतरवावें, शुद्धलेखन सुधारूं नये, आणि खालीं सांगणाराचें नांव, वय, गांव व तारीख घालावी.

पुष्कळ घरांत माळ्यावर त्या काळचीं पत्रें, पावत्या, उर्दू व मोडींतील कागद रुमालांत बांधलेले पडून आहेत. ते वाचतां येत नाहींत म्हणून रद्दींत घालूं नयेत. मोडी वाचणारे अद्याप आहेत. जुनी उर्दू वाचणारे गृहस्थ बहुधा आपल्याच गांवच्या मशिदीजवळ राहतात, आणि विचारलें असतां आनंदानें वाचून दाखवितात, असा आमचा अनुभव आहे. शाई पुसट झाली असेल तर आधीं छायाचित्र घेऊन ठेवावें, आणि रुमाल उन्हांत न घालतां सावलींत पसरावा.